शीतनिद्रा की गारठा?



पावसाळाभर ट्यूबलाइटशेजारी किडे टिपणारी पाल डिसेंबरात दिसेनाशी होते. गेली ते बरं झालं, असंच घरोघरी म्हणतात. ती गेलेली नसते. कॅलेंडरमागे किंवा एखाद्या फटीत गप्प बसलेली असते. स्वतःचं शरीर आतून तापवायची सोय तिच्याकडे नाही, म्हणून हवा गार झाली की तिचा सगळा कारभार मंदावतो.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे असले प्रश्न अजूनही माझ्याच दारात येतात. काही वर्षांपूर्वी जानेवारीत डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीतला नववीतला मुलगा बुटांचं खोकं घेऊन आला. आत हिरवा इग्वाना. हातभर लांब, त्यात निम्म्याहून अधिक शेपटी.

"सर, तीन आठवडे झाले, हा झोपलाय. विकणारा म्हणाला होता, थंडीत झोपतात, हात लावू नकोस."

डोळे खोल गेले होते. खालचा जबडा बोटाने जरा दाबला, तर रबरासारखा लागला. तो झोपला नव्हता. गारठून उपाशी मरत होता.

विकणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण प्राणी दुसरा होता. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला बिअर्डेड ड्रॅगन हिवाळ्यात खाणंपिणं कमी करून आठवडेच्या आठवडे पडून राहतो. मधेच उठतो, पाणी पितो, पुन्हा झोपतो. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलातला. त्याच्या मुलुखात असा हिवाळाच नाही, मग शीतनिद्रा कुठून येणार? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लोकांनी सोडून दिलेले इग्वाना रानोमाळ वाढले आहेत. जानेवारी 2020 मध्ये तिथे थंडीची लाट आली, तेव्हा झाडांवरून इग्वाना खाली पडू शकतात, असा इशारा मायामीच्या हवामान कार्यालयाने दिला होता. ती झोप नव्हे, थंडीने आखडणं.

आपल्याकडे थंडी ती केवढी! सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले, त्याची आठवण अजून काढतात. एरवी ठाणे-कल्याणात पहाटे पंधरा-सोळा अंशांवर माकडटोप्या बाहेर पडतात. आपल्याला ही गुलाबी थंडी, पण इग्वानाला रात्रीही 23-24 अंशांखाली नको. दिवसा अंग शेकायला पस्तीस अंशांच्या आसपासची एक जागा हवी आणि ऊब नको झाली की सरकायला दुसरी, जरा गार. ऊब नसेल तर खाल्लेला पाला पचत नाही, पोटातच कुजतो. म्हणून गारठलेल्या प्राण्याला आधी हळूहळू ऊब, मग पाणी, आणि मगच खाणं. तोंडात घास कोंबू नये. तापणारे दगड विकत मिळतात, तेही नकोत. पोट भाजतं तरी तो हलत नाही. वरून सिरॅमिकचा दिवा आणि त्याला थर्मोस्टॅट, हे बरं.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. खिडकीच्या काचेआड ऊन दाखवतात. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण काचेतून येतच नाहीत. बाल्कनीत जाळीच्या पिंजऱ्यात थेट ऊन द्यावं, अर्ध्या भागात सावली ठेवून, आणि समोर बसून. कावळे आणि घारी वाट पाहत असतातच. शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं, किसलेला लाल भोपळा चालतो. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो.

बिअर्डेड ड्रॅगन खरोखर झोपणार असेल, तर त्याआधी पशुवैद्याकडून विष्ठा तपासून घ्यावी. पोटात जंत घेऊन झोपलेला प्राणी उठेलच असं नाही. शेवटच्या खाण्यानंतर आठवडा-दोन आठवडे ऊब चालू ठेवून पोट रिकामं होऊ द्यावं. पाणी कायम असावं. दर आठवड्याला वजन करावं, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजन दहावा हिस्सा उतरलं, तर झोप मोडून डॉक्टर गाठावा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला झोपू देऊ नये.

कायद्याचंही सांगतो. आपली घोरपड पाळणं गुन्हा आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे. थंडीत सुस्त घोरपड आवारात सापडली, तर घरात आणू नका, 1926 वर वनखात्याला कळवा. इग्वाना परदेशी असला तरी 2024 च्या नियमांनुसार त्याची सरकारी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते.

त्या मुलाचा इग्वाना वाचला. सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य मोजकेच, ते शोधण्यात दोन दिवस गेले. कॅल्शियमची औषधं दोन महिने चालली. पुढचा एक पाय मात्र वाकडाच राहिला. मुलगा आता इंजिनीअरिंगला आहे. पिंजऱ्याला तापमापक लटकतो, आणि डिसेंबर लागला की त्याची आई रात्री गॅस बंद करायला उठते तेव्हा तोही बघून येते.