हिमसरोवरे आणि माहितीचे मूल्य



पर्वतीय प्रदेशातील पाणी, हिमनद्या आणि नैसर्गिक आपत्ती यांचा अभ्यास हा भूगोलाचा विषय मानला जातो. तो अर्थशास्त्राचाही विषय आहे, हे मला एका उदाहरणावरून मांडावयाचे आहे.

हिमनदी मागे सरकली की तिने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधाआड, म्हणजे हिमोढाआड, वितळलेले पाणी साचते. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे असेच सरोवर. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री त्याच्या काठाचा मोठा भाग पाण्यात कोसळला. उसळलेल्या लाटेने हिमोढ फुटला आणि तिस्ता नदीला महापूर आला. चुंगथांग येथील १,२०० मेगावॅट क्षमतेच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. या प्रकल्पावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले होते. अनेकांना प्राण गमवावे लागले.

हा धोका अज्ञात नव्हता. शास्त्रज्ञांनी सरोवराच्या वाढीबाबत इशारे दिले होते. २०१६ मध्ये नळ टाकून पाणी कमी करण्याचा प्रयत्नही झाला होता.

अशी माहिती ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत ‘सार्वजनिक वस्तू’ होय. एकाने तिचा उपयोग केल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि तिच्या लाभापासून कोणास वगळणेही कठीण असते. म्हणूनच खासगी गुंतवणूकदार तिच्यावर पुरेसा खर्च करीत नाही. ती जबाबदारी शासनावर येते. इस्रोने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपग्रहीय पाहणीनुसार, हिमालयीन नदीखोऱ्यांतील १० हेक्टरांहून मोठ्या २,४३१ सरोवरांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीय विस्तारली असून त्यांपैकी १३० भारतात आहेत. त्याच वर्षी केंद्र सरकारने चार हिमालयीन राज्यांसाठी १५० कोटी रुपयांचा हिमसरोवर धोका निवारण कार्यक्रम मंजूर केला. तिस्ता-३ वरील खर्चाच्या तुलनेत ही रक्कम सुमारे एक टक्का आहे.

तथापि, केवळ सरोवरांवर नजर ठेवून भागणार नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमधील चमोली येथे आलेला पूर सरोवर फुटल्याने नव्हे, तर कड्यावरून खडक आणि बर्फ कोसळल्याने आला होता. त्यात दोनशेहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. म्हणून उतार, हिम आणि प्रवाह यांचे एकत्रित निरीक्षण हवे, प्रकल्पाच्या लाभ-व्यय विश्लेषणात या जोखमीची किंमत धरली जावी आणि धोक्याची सूचना नदीकाठच्या शेवटच्या गावापर्यंत वेळेत पोहोचावी. निर्णयापर्यंत न पोहोचलेले ज्ञान आपत्ती टाळू शकत नाही. उद्या प्रशासनात जाणाऱ्या तुम्ही हे ध्यानी ठेवावे, एवढीच अपेक्षा.