मोरीचा सांधा

घरातली सर्वांत दुर्लक्षित जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी मोरी म्हणेन. रोज तिथं स्वच्छ व्हायचं आणि बाहेर येऊन दार लावून घ्यायचं. आमची मोरी तीस वर्षांची. शहाबादी फरशी, चार बोटं उंच कठडा, कोपऱ्यात जाळी. फरशीत फटी दिसल्या की मी पांढरं सिमेंट भरायचो आणि दुरुस्ती झाली, असं समजायचो.

आमच्या खाली अण्णा राहतात. एका दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो, तर देवघर नेहमीच्या भिंतीशी नव्हतं. वर पाहिलं. छताला ओलीचा मोठा डाग, पोपडे सुटलेले. वर आमचीच मोरी! ‘वहिनी, कधीपासून?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘झाले दोन पावसाळे. तुमच्या अम्मी आजारी होत्या ना तेव्हा! त्यात हे कुठं सांगायचं?’ हातातली चकली हातातच राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींना बोलावलं. ‘जाळीभोवती तेवढं फोडा,’ मी म्हटलं. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं फरशी वाजवून पाहिली. सगळीकडे पोकळ आवाज. ‘भाई, वरवरचं करून भागणार नाही,’ ते म्हणाले.

फरशी उचलली, तर खाली ओला गाळ. पाइप धडधाकट होता. तडा गेला होता तो जाळीखालचं भांडं आणि भोवतालचं काँक्रीट यांच्या सांध्याला. पाणी तिथून शिरायचं, स्लॅबवरून वाट काढत तीन फूट जायचं आणि मग अण्णांकडे उतरायचं.

या भांड्याला बांधकामवाल्यांच्या इंग्रजीतही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी तिथं जाऊन बसली, याची मला कवी म्हणून गंमत वाटली. त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं. गटाराची दुर्गंधी आणि किडे तेच अडवतं. वाकड्या नळीत पाणी धरून वास रोखण्याच्या युक्तीचं पेटंट लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये घेतलं होतं.

मिस्त्रींनी नवं भांडं बसवलं, चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ दिला, फुटाला दोन सूत. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर चढवला आणि भांड्याच्या तोंडात उतरवला. फरशी बसवण्याआधी तोंडाला बोळा लावून मोरी पाण्यानं भरली, चोवीस तासांसाठी. त्या रात्री मी अण्णांकडे छताकडे बघत बसलो. ते म्हणाले, ‘अहो, जेवून तरी घ्या!’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक थेंब आला नाही. मग फरशी बसली.

स्लॅब वाळायला महिने गेले. रंग लागला आणि गुढीपाडव्याला देवघर आपल्या जागी परत आलं. वहिनींनी मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं.

आता चार दिवस गावाला जाऊन आलो की आधी एक तांब्या पाणी मोरीत ओततो, म्हणजे भांडं कोरडं राहत नाही. आणि महिन्यातून एकदा खाली चक्कर टाकतो. आपली मोरी गळते की नाही, हे आपल्या घरात कळत नाही. ते खालच्या घरी जाऊन विचारावं लागतं.