वळसा घेतलेली तार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आमच्या घराण्याने गावात वीज आणली, असे या मंडळात आजवर अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे आज आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणास कर्ज देणारे महामंडळ केंद्र सरकारने काढले, आणि खेड्यापाड्यांकडे तारा निघाल्या. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या आमच्या गावी त्या १९७१ साली पोहोचल्या. मी तेव्हा सातवीत होतो. तोवर घरोघरी मातीच्या तेलाची चिमणी असे. विजेचे भय इतके, की घराजवळ खांब नको म्हणणारे पुष्कळ होते. वडिलांनी रोहित्रासाठी आपल्या धानाच्या बांधीचा कोपरा दिला, दारोदार फिरून अर्ज भरून घेतले, आणि निर्धनांची अनामत पदरची भरली. थोरले बंधू वायरमनचे काम शिकले व त्यांनी घरोघर जोडणी केली.

परंतु मंजूर खांब मोजकेच होते. वडिलांच्या शब्दाखातर तार सरळ वाटेने न जाता आमच्या वाड्यास वळसा घालून गेली. त्यात तीन खांब खर्ची पडले, आणि गावाच्या टोकाची वस्ती तेवढ्या तीन खांबांसाठी अंधारात राहिली. ती वस्ती आपल्या ज्ञातीची नव्हती, म्हणून आम्हांपैकी कोणास त्याची खंतही वाटली नाही.

पुढे मी त्याच गावी शिक्षक झालो. एके दिवशी गणिते करून न आलेल्या मुलास मी छडी मारली. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, मातीचे तेल संपले होते.” तो त्या वस्तीतला होता. छडी माझ्या हातात होती आणि अपराध माझ्या घरचा होता.

रात्री ही हकीकत मी वडिलांस सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीतील चार माणसांस सोबत घेऊन ते तालुक्याच्या गावी अर्ज देण्यास गेले. हेलपाट्यांत दोन वर्षे गेली. अखेर १९८३ साली तेथे दिवे लागले. जोडणीची मजुरी बंधूंनी घेतली नाही. वडील म्हणाले, “हे उपकार नव्हेत, बारा वर्षांचे देणे आहे.”

बंधूंनो, आपले मंडळ वसतिगृह काढते, शिष्यवृत्त्या देते. हे भूषणावहच आहे. मात्र कोणतेही कार्य हाती घेताना आपल्या दाराकडे वळलेली तार कोणाच्या दारापर्यंत पोहोचली नाही, एवढे पाहून यावे, ही माझी नम्र विनंती.