नीतिमत्त्व आणि कृपा

मी परभणीकडील पेडगावचा. म्हणीतले पेडगाव भीमाकाठचे, ते निराळे. परंतु स्वतःचे उणे ठाऊक असून वेड पांघरण्याची विद्या सर्व गावांत सारखीच.

‘नीतिमत्त्व’ हा शब्द ऐकताच आम्हां शिक्षकांस गुणपत्रिका आठवते: इतका दानधर्म, इतक्या प्रार्थना, म्हणजे उत्तीर्ण. पौलाने रोमकरांस लिहिले ते नेमके उलट. देव मनुष्यास नीतिमान ठरवितो तो त्याच्या विश्वासावरून, आणि तेही विनामूल्य.

पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीसही हे उमगावयास काळ लागला. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. सत्कृत्यांत उणे कोठेच नव्हते. तरी त्या काळी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले. मनास शांती मिळाली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी.

कोणी म्हणेल, फुकट मिळालेल्या कृपेने हात थंडावतात. त्याने केडगावाकडे पाहावे. १८९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्यप्रांतातील निराधार मुली शेकड्यांनी तेथे आणल्या. पुढे बायबलाच्या मराठी भाषांतरासाठी त्या १९२२ साली मृत्यू येईपर्यंत खपल्या. हे सारे गुण मिळविण्यासाठी नव्हते; तो हिशेब त्यांच्या लेखी केव्हाच फिटला होता. आणि त्या ग्रंथाचे खिळे जुळविले, ते आश्रमातील स्त्रियांनी.