संशोधन मांडताना

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढे चौकशी आयोगाच्या जाहीर बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यात बसवल्या जाणाऱ्या रबरी कड्याचा तुकडा चापात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चाप काढला, पण रबर चटकन मूळ आकारात आलं नाही. गारठ्यात सांधा का उघडा पडतो, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

फाइनमन यांच्या या प्रयोगात एवढंच होतं: एक मुद्दा, एक पुरावा आणि त्याचा अर्थ. परिषदेत आपलं संशोधन मांडणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. वर्षानुवर्षांचं सगळं काम वीस मिनिटांत कोंबू नका. प्रश्न काय होता आणि तो का महत्त्वाचा, हे सुरुवातीलाच सांगा. स्लाइडच्या मथळ्यात नुसतं ‘निष्कर्ष’ न लिहिता, काय सापडलं ते पूर्ण वाक्यात लिहा. आलेख दाखवताना आधी आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते सांगा, मग रेषेकडे वळा. लांबलचक समीकरणं प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. घड्याळ लावून, मोठ्यानं बोलून सराव करा. विषयाबाहेरच्या मित्राला समोर बसवा. तो जिथे अडेल, तिथे मांडणी बदला. आणि आपल्या निष्कर्षाच्या मर्यादा स्वतःहून सांगा, कारण श्रोत्यांचा विश्वास त्यातूनच मिळतो.