दर्यावर्दींची प्रेरणा



८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला, तो केवळ साहसाच्या ओढीने नव्हे. मिऱ्यांचा व्यापार अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हाती होता. तो हस्तगत करावा, पूर्वेकडील ख्रिस्ती राजाशी सख्य जोडावे आणि आपल्या राजाची मर्जी संपादावी, हे हेतू त्यामागे होते. लोभ, धर्म आणि कीर्ती यांचा हा पीळ उकलणे कठीण.

परंतु प्रेरणा म्हणजे ज्ञान नव्हे. मलिंदीहून सोबत घेतलेल्या वाटाड्यामुळे गामाने अरबी समुद्र सुमारे २६ दिवसांत ओलांडला. परतताना वाऱ्याची वेळ न साधल्याने त्याच प्रवासास जवळजवळ तीन महिने लागले आणि स्कर्व्हीने अनेक खलाशी दगावले. गामाचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वाटाड्याच्या नावावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

१५१० मध्ये गोवा शहर पडले. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले १७८८ मध्ये. समुद्रावर उठलेली ती लाट इब्रामपूरच्या डोंगरापर्यंत येण्यास पावणेतीनशे वर्षे लागली. म्हणून दर्यावर्दींचे धैर्य अवश्य वाखाणावे. पण ते कशासाठी निघाले, हे विचारल्याविना पान उलटू नये.