थयसून घराक कशी येतलंस?



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाशी जुळेल असं काहीतरी बोल." मी संगणकावर वेळापत्रकं जुळवणाऱ्या प्रणाली लिहिते. म्हणून आज प्रवासाबद्दल बोलते, आणि त्यातून निघणाऱ्या धुराबद्दल.

आधी एक कबुली. या मेळाव्याला मी मुंबईहून माझ्या गाडीने आले, एकटी. अंतर सुमारे 500 किलोमीटर. लिटरला 15 चा हिशेब धरला तर 33 लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे येतानाच मी सुमारे 76 किलो हवेत सोडला. माझ्या वजनापेक्षा जास्त, आणि वजन किती ते कृपया विचारू नका!

रेल्वे नव्हती का? होती. आपण दहावीला होतो त्याच वर्षी, 26 जानेवारी 1998 ला, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी या रेल्वेचा आग्रह वर्षानुवर्षं धरला होता. 1999 पासून मालट्रकही रो-रो सेवेने या रुळांवरून जातात. 2022 मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, हे खरं. तरीसुद्धा भरलेल्या रेल्वेतल्या एका माणसाच्या वाट्याला येणारा धूर एकट्याच्या कारपेक्षा कितीतरी कमी असतो.

मग मी कार का काढली? कारण आईने फोनवर विचारलं, "रेल्वेन कुडाळाक येतलंस, पण थयसून घराक कशी येतलंस?" 500 किलोमीटरचा प्रश्न सुटला होता, मी अडले ती शेवटच्या 30 किलोमीटरवर.

वाहतुकीचं प्रदूषण कमी करण्याची धोरणं तीन शब्दांत सांगतात: टाळा, वळवा, सुधारा. नको तो प्रवास टाळा. उरलेला प्रवास रेल्वे-बसकडे वळवा. आणि जे वाहन वापराल ते सुधारा. महाराष्ट्राची 2021 आणि 2025 ची इलेक्ट्रिक वाहन धोरणं मुख्यतः तिसऱ्या शब्दावर आहेत. 2025 च्या धोरणात समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. चांगलंच आहे. पण त्याचा फायदा गाडी विकत घेणाऱ्याला. पाणंदीतून चालत येऊन बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीला त्यातून काय मिळणार?

तिच्यासाठीची धोरणं वेगळ्या नावाने आली. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास. यांना कुणी पर्यावरणाचं धोरण म्हटलं नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी हीच त्यातली मोठी धोरणं आहेत, कारण ती माणसाला बसकडे वळवतात.

पण सवलतीचा पास हातात असून गाडीच नसेल तर? एसटीत एक शब्द आहे, भारमान. गाडीतल्या किती जागा भरल्या, त्याचं प्रमाण. आपण एकेक जण दुचाकीवर, कारमध्ये गेलो की भारमान उतरतं. भारमान उतरलं की फेरी तोट्यात जाते, आणि तोट्यातली फेरी टिकवणं अवघड होतं. मग उरलेलेही स्वतःचं वाहन घेतात. ज्यांना ते परवडत नाही, ते घरी बसतात.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण दहावीनंतर घरी बसली. गणितात ती माझ्या पुढे होती. कॉलेज सुटल्यावर परतायला गाडी नव्हती, एवढंच कारण. मी इंजिनिअर झाले, कारण माझ्या वाटेवर संध्याकाळची एसटी होती. आमच्यात फरक हुशारीचा नव्हता, एका फेरीचा होता.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्याची काय दशा केली, ते इथे सर्वांनी पाहिलं आहे. समुद्र तापला की अशा वादळांना बळ मिळतं. देवबागची माणसं तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र घेऊन राहतात. धूर मुंबईच्या रस्त्यावर सोडला तरी त्याचा हिशेब इथे द्यावा लागतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. पुढच्या मेळाव्याला मुंबई-पुण्याकडच्यांनी रेल्वेने यावं. कुडाळ स्टेशनवरून शाळेपर्यंत आपण प्रासंगिक करारावर एसटी घेऊ. दुसरी गोष्ट, शाळेत येणाऱ्या मुलांच्या बसच्या वेळा, कॉलेज सुटण्याच्या वेळा आणि रेल्वेच्या वेळा एका तक्त्यात मांडू. कुठे किती मुलं थांबून राहतात हे मोजू आणि तो तक्ता घेऊन आगारात जाऊ. मोजमापाचं काम माझ्याकडे. गावात राहणाऱ्या चार जणांनी साथ द्यावी.

आईला मी शब्द दिला आहे, पुढच्या वेळी रेल्वेने येईन. घराक कशी येतलंय, त्याचं उत्तर मात्र आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.